नागपूरचा वकील आणि रानातली शीळ

मराठी मध्यमवर्गाच्या घरात ग्रामोफोन नावाची चैन नुकती कुठे शिरू लागली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. १९३२ च्या सुमारास ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या एका तबकडीवरून एक अनोळखी आवाज घुमू लागला. तो कोणा नाटक कंपनीतल्या नटाचा नव्हता, की कोणा घराण्याच्या खाँसाहेबांचा नव्हता. तबकडीवर नाव होते जी. एन. जोशी. गाण्याचे नाव होते ‘शीळ’. गाणारा तरुण नागपुरात कायद्याच्या वाटेवर होता आणि गाणे लिहिणारा कवी बुलढाणा जिल्ह्यातला होता. विदर्भातल्या या दोन तरुणांनी मिळून मराठी गाण्याला जे वळण दिले, त्याला पुढे भावगीत हे नाव पडले. जोशी यांचा उल्लेख आजही पहिले भावगीतगायक असा होतो, तो या एका तबकडीमुळे.

पहिले कोण हा वाद मराठी माणसाला प्रिय आहे. जे. एल. रानडे यांच्यासारखे गायकही त्याच काळात कविता गात होते, आणि कविता गाऊन दाखवण्याची प्रथा तर त्याहून जुनी. तेव्हा तारखांच्या हिशेबात न शिरता एवढेच म्हणावे की, एका जिवंत, तरुण, अजून पुस्तकही न निघालेल्या कवीची कविता निव्वळ गाणे म्हणून घराघरांत पोहोचली आणि लोकांनी ती तोंडपाठ केली, असे ‘शीळ’च्या आधी फारसे घडले नव्हते.

आज हे क्षुल्लक वाटेल. पण १९३० च्या आसपास मराठी माणूस गाणे म्हणजे काय समजत होता, हे ध्यानात घेतले तर त्याचे मोल कळते. गाणे म्हणजे नाट्यपद. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्या पदांवर दोन पिढ्या पोसल्या होत्या. पदाला नाटकातला प्रसंग असे, पात्र असे, आणि शब्दांपेक्षा तानेची प्रतीक्षा अधिक असे. दुसरीकडे बैठकीतले गाणे होते. तिथे शब्द हे केवळ सुरांना टेकायला लागणारे निमित्त. तिसरीकडे भजन, अभंग, लावणी, ओवी. ज्याला आपण आज कविता म्हणतो ती मात्र मासिकांत छापली जाई आणि संमेलनांत वाचली जाई. पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची टूम काढली आणि ती महाराष्ट्रभर गाजलीही. यशवंत, गिरीश, माधव जूलियन हे आपल्या कविता स्वतः चालीवर म्हणत. परंतु ते गायन कवीचे होते. श्रोत्याचे लक्ष कवितेकडे आणि खुद्द कवीकडे असे. स्वरांकडे असलेच तर सवडीने.

नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. १८८५ साली सुरू झालेले मॉरिस कॉलेज, १९२३ सालचे विद्यापीठ, पाठोपाठ निघालेले विधि महाविद्यालय यांमुळे वऱ्हाडातली हुशार मुले शिक्षणासाठी नागपूरची गाडी धरत. त्या काळच्या विदर्भात वकिली आणि कविता एकाच घरात सुखाने नांदत असत. कवी अनिल हे कायदा शिकलेले, पुढे न्यायखात्यात गेलेले. ‘शीळ’चे कवी ना. घ. देशपांडे यांनीही कायद्याची पदवी घेतली आणि जन्मभर मेहकरला वकिली केली. १९०९ साली जन्मलेले जी. एन. जोशी याच मुशीतले. योगायोग असा की ना. घ. यांचे जन्मसालही तेच. दोघांच्याही वयाची पंचविशी तेव्हा उलटलेली नव्हती.

ना. घ. यांची ती कविता साधी दिसते, पण तिच्यातली योजना पाहण्यासारखी आहे. रानात कोणी एक तरुण वेळ-अवेळ न पाहता शीळ घालत फिरतो आहे आणि ती ऐकून एका खेडवळ तरुणीचे चित्त ठिकाणावर राहिलेले नाही, एवढाच तिचा विषय. बोलते ती तरुणी. तो समोर येऊन एक शब्द बोलत नाही. रान, झरा, वारा आणि दूर दूर जाणारी शीळ. मराठीला हे सर्वस्वी नवे नव्हते. संतांच्या गवळणींत मुरलीच्या नादाने घरकाम विसरणारी गोपी शतकानुशतके होती. ना. घ. यांनी त्या गोपीला वऱ्हाडच्या मातीत आणून बसवले, तिच्या तोंडी ग्रामीण बोली घातली, मुरलीच्या जागी साधी ओठांची शीळ ठेवली आणि भक्तीचा शेला बाजूला सारला. उरली ती निखळ ओढ. ज्याला बोलावता येत नाही, ज्याच्याकडे उघड जाता येत नाही, अशा माणसाची ओढ. पांढरपेशा घरातल्या मुलींना प्रेमाचे पत्र लिहिणेही जिथे दुरापास्त होते, त्या काळात हे गाणे ओसरीवरच्या ग्रामोफोनवर, वडीलधाऱ्यांच्या देखत वाजले, हा त्यातला खरा भाग. गाण्यातली मुलगी शेतातली होती म्हणून ते खपले. ती सदाशिव पेठेतली किंवा धंतोलीतली असती तर कदाचित खपले नसते.

आणि हे गाणे गायले पुरुषाने. आज कोणाला ते विचित्र वाटेल. तेव्हा नाही वाटले. बालगंधर्वांच्या तोंडून रुक्मिणी, भामिनी आणि सिंधू यांची दुःखे ऐकणाऱ्या श्रोत्यांना पुरुषकंठातली स्त्री परकी नव्हती. फरक होता तो निराळाच. रंगभूमीवरचा गायक थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्यासाठी गात असे. ध्वनिक्षेपक नव्हता. आवाजाला धार, फेक आणि दम हवा असे. जोशी गायले ते मायक्रोफोनसमोर, एका माणसाला सांगावे तसे.

इथे यंत्राची थोडी हकिकत सांगणे भाग आहे, कारण भावगीत हे जितके कवितेचे अपत्य आहे तितकेच मायक्रोफोनचे आहे. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण आले १९०२ साली. फ्रेड गेसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजान हिचा आवाज मुद्रित केला. त्या पद्धतीत गायकाला एका कर्ण्यात तोंड घालून जोराने गावे लागे. आवाजाच्या दाबाने सुई हले आणि मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जाई. हळू गायले तर काहीच उमटत नसे. गाणे संपताच आपले नाव ओरडून सांगण्याची गौहरजानची रीत जुन्या तबकड्यांवर आजही ऐकू येते. १९२५ नंतर विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले, ते पुढच्या काही वर्षांत इकडे पोहोचले आणि १९२८ मध्ये कलकत्त्याजवळ डमडम येथे तबकड्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. मायक्रोफोनने कुजबुजही टिपता येऊ लागली. श्वास, शब्दाच्या शेवटी येणारा हलका कंप, ओळ संपताना मुद्दाम सोडलेली जागा, हे सारे प्रथमच तबकडीवर उतरू लागले. ज्या तऱ्हेच्या गाण्याला हे हवे होते, ते गाणे मग जन्मालाच आले.

मर्यादा होती ती वेळेची. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. ख्याल गाणाऱ्या उस्तादांना ही शिक्षा वाटे. आलापाला सुरुवात होते न होते तोच थांबण्याची खूण. कवितेला मात्र तीन मिनिटे पुरेशी होती. चार कडवी, मधून मधून पेटीचा आणि तबल्याचा आधार, आणि ध्रुपदावर परत येणे. भावगीताचा आकार जो ठरला तो आजतागायत फारसा बदललेला नाही, आणि तो कोणा शास्त्रकाराने ठरवलेला नसून तबकडीच्या व्यासाने ठरवलेला आहे.

काळही अनुकूल होता. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. बोलपटांनी नाटक कंपन्यांच्या पायाखालची वाळू सरकवली. दोन-तीन वर्षांत गंधर्व नाटक मंडळीसारखी संस्थाही मोडकळीस आली. १९३३ च्या जुलैत नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले तेव्हा केशवराव भोळे यांनी त्यात तानबाजीला फाटा देऊन आटोपशीर गाणी घातली. भोळे हेही मूळचे वऱ्हाडातलेच. म्हणजे नाटकाला स्वतःलाच नाट्यपद जड होऊ लागले होते. अशा वेळी ‘शीळ’ लोकांच्या हाती पडली. तिच्यासाठी नाटक पाहण्याची गरज नव्हती आणि राग ओळखण्याचीही नव्हती.

पाठोपाठ जोशी यांची आणखी गाणी निघाली. ना. घ. यांच्या दुसऱ्या कविता आल्या. माधव जूलियन यांच्या प्रेमकविताही त्यांनी गायल्या, आणि हे विशेष म्हटले पाहिजे. माधव जूलियन हे फारसीचे प्राध्यापक. त्यांनी गज्जल मराठीत आणली, ‘गज्जलांजली’ १९३३ साली प्रसिद्ध केली, आणि भग्न प्रेमाची कैफियत मराठीत इतक्या उघडपणे मांडली की त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. कागदावर ज्या कविता पंडिती आणि फारसीमिश्रित म्हणून अवघड वाटत, त्या जोशी यांच्या गळ्यातून ऐकताना लोकांना आपल्या वाटू लागल्या. नागपूरकरांच्या दृष्टीने आणखी एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ‘शीळ’ची तबकडी घराघरांत वाजू लागण्याच्या सुमारास, १९३२ च्या एप्रिलमध्ये, अमरावतीत सुरेश भट यांचा जन्म झाला. मराठी गझलेला गळ्याची सोबत मिळाली तर काय होते, याची पुरती प्रचीती त्यांच्या हातून यायची होती.

त्या वर्षांतली आणखी एक आठवण जुन्या तबकड्यांच्या शौकिनांना माहीत असते. हुबळीकडची एक तरुण गायिका तेव्हा ध्वनिमुद्रिकांवर गांधारी या नावाने गात असे. तिच्याबरोबर जोशी यांनी युगुलगीत गायले. तीच पुढे किराणा घराण्याच्या गंगूबाई हनगल म्हणून देशाला ठाऊक झाली. त्यांचा नंतरचा भरदार, खर्जाचा आवाज ऐकलेल्यांना हे मूळचे कोवळे भावगीत ऐकवले तर ओळख पटत नाही.

इकडे नागपुरात जोशी यांच्यापुढे वकिली होती. कायद्याची पदवी घेतलेला तरुण, प्रतिष्ठित व्यवसाय, राजधानीचे शहर. १९३६ च्या जानेवारीत नागपूरला उच्च न्यायालय सुरू झाले आणि वकिलांना बरे दिवस येण्याची चिन्हे होती. गाणे हा तेव्हाच्या सभ्य घरांत फार तर छंद असे. त्यावर पोट भरणे म्हणजे नाटकवाल्यांत जमा होणे. तरी जोशी यांनी काळा कोट उतरवला. १९३८ साली ते मुंबईत एच. एम. व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणून रुजू झाले आणि सुमारे साडेतीन दशके त्यांनी तिथेच काढली.

या निर्णयाला दोन बाजू होत्या. वरवर पाहता गाणारा माणूस गाण्याच्या घरात गेला, याहून चांगले काय? परंतु ध्वनिमुद्रण अधिकाऱ्याची खुर्ची काचेच्या पलीकडे असते. मायक्रोफोन इतरांसाठी असतो. कोणाला बोलवायचे, काय गाऊन घ्यायचे, किती वेळात बसवायचे, कोणते मुद्रण ठेवायचे आणि कोणते टाकायचे, हे त्याने ठरवायचे, गायचे दुसऱ्याने. ज्याच्या तबकड्यांनी मराठीत एक दालन उघडले तो गायक त्यानंतर हळूहळू मागे पडत गेला. दालनात गर्दी झाली ती इतरांची. गजाननराव वाटवे आले आणि त्यांनी भावगीत चौकाचौकांतल्या गणेशोत्सवात नेले. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि सुधीर फडके घरचे झाले. नंतर अरुण दाते आले. जोशी यांचे नाव इतिहासाच्या पहिल्या पानावर राहिले, पण पहिले पान लोक क्वचितच पुन्हा उघडतात.

मात्र काचेपलीकडे बसून त्यांनी जे काम केले, ते पाहता ही तक्रार करायला जीभ धजत नाही.

ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणजे कंपनीचा कारकून, अशी कल्पना असेल तर ती सोडून द्यावी. त्या पिढीतले थोर गायक-वादक तबकडीकडे संशयाने पाहत. तीन मिनिटांत राग कसा मावणार, हा एक आक्षेप. आपली विद्या कोणीही विकत घेऊन चोरील, ही दुसरी भीती. केसरबाई केरकर यांचा ध्वनिमुद्रणाविषयीचा कडकपणा सर्वश्रुत आहे. मानधन, मानपान, लहर, प्रकृती, साथीदारांचे रुसवे हे वेगळेच. मेणावरच्या मुद्रणात चूक झाली तर जोडकाम शक्य नव्हते. सारे पुन्हा पहिल्यापासून. चुंबकीय फीत आली ती पुढे. अशा वेळी समोरच्या उस्तादाचे मन ज्याला वळवायचे असते त्याला गाणे कळावे लागते, आणि नुसते कळून भागत नाही. स्वतः मायक्रोफोनसमोर घाम गाळलेला असावा लागतो. जोशी यांच्याजवळ हे दोन्ही होते. वकिलीतली मनधरणीची कला कामी आली असेल ती निराळी.

बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बेगम अख्तर, हिराबाई बडोदेकर, बिस्मिल्ला खाँ, विलायत खाँ अशा किती जणांचे आवाज आणि वाद्ये त्यांच्या देखरेखीखाली टिपली गेली. यांतल्या अमीर खाँ यांच्या उदाहरणावर थोडे थांबले पाहिजे. त्यांची गायकी अतिविलंबित. झूमरा तालात एकेक स्वर उलगडत जाणाऱ्या या गवयाला तीन मिनिटांच्या तबकडीत बसवणे म्हणजे नदी घागरीत भरण्यासारखे होते. पन्नासच्या दशकाच्या शेवटी लाँग प्ले तबकडी हिंदुस्थानात आली आणि एका बाजूस वीस मिनिटांची मोकळीक मिळाली. १९६० साली त्यांची मारवा आणि दरबारीची लाँग प्ले निघाली. आज अमीर खाँ यांचा मारवा हा ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिले नाही अशांच्याही कानात आहे, तो या तबकडीमुळे. फेब्रुवारी १९७४ मध्ये कलकत्त्यात मोटार अपघातात खाँसाहेब गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या लाँग प्ले तबकड्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या. त्या वेळी कोणी पाठपुरावा केला नसता तर काय शिल्लक राहिले असते, हा विचार अस्वस्थ करतो.

बडे गुलाम अली यांच्याबाबतही तसेच. फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेले खाँसाहेब पुढे भारतात परतले, इथले नागरिक झाले आणि १९६८ साली हैदराबादला निवर्तले. त्यांच्या ठुमऱ्या ज्या तबकड्यांवर उतरल्या त्या ऐकताना एक गोष्ट जाणवते. काचेपलीकडच्या माणसाला शब्दाचे मोल ठाऊक होते. ठुमरी हेही शेवटी विरहाचेच गाणे. ज्याने विशीत एका खेडवळ मुलीची ओढ गायली, त्याला पतियाळ्याच्या त्या पहाडी देहाच्या उस्तादाच्या गळ्यातली परदेशी गेलेल्या प्रियकराची आठवण परकी वाटण्याचे कारण नव्हते.

जोशी यांचे सर्वांत प्रसिद्ध काम मात्र गाण्याचे नाही. ते १९६७ साली निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीचे आहे. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा हे तिघेही तेव्हा तिशीच्या आतबाहेर. संतूर हे वाद्य शास्त्रीय बैठकीत अजून पुरते सामावलेले नव्हते, आणि गिटार तर विलायतीच. अशा तीन वाद्यांना एकत्र बसवून जोशी यांनी एक कथा सांगायची ठरवली. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस. पहाटेचा अहिर भैरव, मग नट भैरव, पुढे पिलू, भूप, देस आणि अखेरीस पहाडी. तबल्याला माणिकराव पोपटकर. वेळेप्रमाणे राग ही आपल्या संगीतातली जुनीच शिस्त. तिचा वापर करून विनाशब्द गोष्ट सांगण्याची कल्पना नवी होती.

ही तबकडी जगभर गेली. जॉर्ज हॅरिसनसारख्या पाश्चात्त्य गायकांच्या आवडत्या तबकड्यांत तिची गणना होते. आपल्याकडे पहाटे आकाशवाणीवर, पुढे कॅसेटवर, मग सीडीवर आणि आता मोबाइलवर ती वाजतच आहे. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद यांची जोडी घडायला ती कारण झाली आणि या जोडीने पुढे ‘सिलसिला’, ‘चांदनी’, ‘लम्हे’ या चित्रपटांना संगीत दिले. शिवकुमार २०२२ साली गेले, काब्रा त्याआधी २०१८ मध्ये.

‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐकताना मराठी कानाला आणखी काही ऐकू यावे, अशी अपेक्षा आहे. १९३२ च्या सुमारास एका तरुणाने रानात फिरणाऱ्या माणसाच्या शिळेचे गाणे गायले. त्यात शीळ प्रत्यक्ष नव्हती. होती ती ऐकणाऱ्या मुलीचे शब्द. सुमारे पस्तीस वर्षांनी तोच माणूस, आता अठ्ठावन्न वर्षांचा, पुन्हा रानात फिरणाऱ्या माणसाची कथा निवडतो. या वेळी शब्द नाहीत, गायक नाही, ऐकणारी मुलगी नाही. आहे ती फक्त रानातून येणारी बासरी. जोशी यांच्या मनात हा दुवा होता की नव्हता, यावर पैज लावण्याचे कारण नाही. दोन्ही तबकड्या एकापाठोपाठ एक लावून पाहाव्यात.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते निवृत्त झाले. नंतर त्यांनी आपल्या आठवणी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या नावाने मराठीत लिहिल्या. १९८४ साली त्याच आठवणींचे इंग्रजी पुस्तक ‘डाऊन मेलडी लेन’ हे ओरिएंट लाँगमनने प्रसिद्ध केले. संगीतावर लिहिणारे लोक दोन प्रकारचे असतात. एक श्रोत्यांच्या रांगेतून लिहिणारे, दुसरे गादीवरून. जोशी यांचे पुस्तक तिसऱ्या जागेवरून लिहिलेले आहे, स्टुडिओच्या दारातून. तिथे उस्ताद घामाघूम होतात, चिडतात, निघून जायला उठतात, पुन्हा बसतात आणि मग अचानक काही अद्भुत गाऊन जातात. दिग्गजांची माणूस म्हणून ओळख करून देणारे आणि तरीही चहाडी न करणारे असे पुस्तक आपल्याकडे विरळा.

आणि कवीचे काय झाले? ते मेहकरलाच राहिले. मुंबई-पुण्याच्या वाङ्मयीन वर्तुळांपासून दूर, कज्जेदलाली आणि शेतीभातीच्या गावात. त्यांची कविता महाराष्ट्राच्या ओठांवर गेली, पण पहिला संग्रह यायला १९५४ साल उजाडले. त्याचे नावही ‘शीळ’च ठेवण्यात आले. म्हणजे ज्या पिढीने विशीत हे गाणे गुणगुणले, तिला ते पुस्तकात वाचायला मिळाले तेव्हा तिची मुले विशीकडे झुकली होती. प्रसिद्धी आधी आणि पुस्तक वीस-बावीस वर्षांनी, असे भाग्य म्हणावे की दुर्भाग्य, दुसऱ्या मराठी कवीच्या वाट्याला क्वचितच आले असेल. १९६३ मध्ये ‘अभिसार’, मग पुन्हा दोन दशकांचे मौन आणि ‘खूणगाठी’. या संग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मेहकरच्या कंचनीच्या महालाच्या दंतकथेवरही त्यांनी कविता लिहिली. घाई त्यांच्या स्वभावात नव्हती, हे उघड आहे.

गायक आणि कवी यांची गंमतीशीर फारकत अशी की, दोघेही एकाच वर्षी जन्मले, दोघेही कायदा शिकले, एकाच गाण्याने दोघांना नाव दिले, आणि मग एकाने वकिली सोडून मुंबई गाठली तर दुसऱ्याने वकिली धरून आपले गाव सोडले नाही. भावगीताचे श्रेय वाटताना मात्र आपण नेहमी गायकापाशी थांबतो. तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावर गायकाचे नाव ठळक असते हे त्याचे एक कारण असावे. जोशी यांच्या बाबतीत तर श्रेयाची आणखी एक घडी उलगडावी लागते. ‘शीळ’वर त्यांचे नाव गायक म्हणून ठळक होते. नंतरच्या शेकडो तबकड्यांवर उस्तादांची नावे ठळक झाली, आणि त्या करवून घेणारा माणूस, असलाच तर, वेष्टनाच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत राहिला.

जी. एन. जोशी १९९४ च्या सप्टेंबरमध्ये गेले. ना. घ. देशपांडे त्यांच्यानंतर सहा वर्षांनी, १० मे २००० रोजी. एच. एम. व्ही. या नावाने ज्या कंपनीला तीन पिढ्यांनी ओळखले, तिनेही त्याच वर्षी ‘सारेगामा’ असे नाव धारण केले. कर्ण्यासमोर बसलेले कुत्र्याचे चित्र जुन्या तबकड्यांवर तेवढे राहिले.

‘शीळ’ची मूळ ध्वनिमुद्रिका आज इंटरनेटवर सहज सापडते. ज्या आवाजाने तिला ऐकण्यासाठी एके काळी ग्रामोफोनवाल्या शेजाऱ्याकडे जावे लागे, तो आता कानात बोंडूक घालून लोकलमध्ये किंवा वर्धा मार्गावरच्या मेट्रोत ऐकता येतो. आधी सुईची खरखर येते. मग पेटी, आणि मग विशी ओलांडलेला तो तरुण. त्याला पुढे मुंबईला जायचे आहे, इतरांना गायला लावायचे आहे. पण ती तीन मिनिटे तो स्वतः गातो आहे.